सागवानासाठी रंधा घ्यायचाय? देशी लोखंडी, सुताराचा लाकडी की लाय-निल्सन, वेरिटास

हल्ली जळगाव-धुळ्याकडे हौशी सुतारकाम करणारे बरेच झालेत. आठवडाभर नोकरी करायची आणि रविवारी गच्चीवर नाहीतर शेडमध्ये टेबल-स्टूल बनवत बसायचं, आणि यूट्यूब बघून बघून सगळ्यांचा शेवटी एकच प्रश्न येतो की भाऊ, तो लाय-निल्सन किंवा वेरिटास या परदेशी कंपन्यांचा महाग रंधा मागवू का, की बाजारातल्या लोखंडी रंध्यावर भागेल? आधी उत्तर सांगून टाकतो. धार लावता येत नसेल तर महाग रंधा अजिबात घेऊ नका. धार जमते, भरीव सागवान-शिसममध्येच काम करायचंय आणि उभं राहून काम करायला दणकट टेबल आहे, असं तिन्ही असेल तर जरूर घ्या. आणि काम प्लायवूड-सनमायकाचं असेल तर पावर प्लॅनर (विजेवर चालणारा रंधा) आणि कडा मारायला एक छोटा रंधा घ्या, पुढचं वाचायची पण गरज नाही.

आता कारणं. देशी लोखंडी रंधा आणि बाहेरचा महाग रंधा हे मुळात एकाच खानदानातले आहेत. अमेरिकेत लिओनार्ड बेलीने एकोणिसाव्या शतकात स्क्रूवर पातं वर-खाली होणारा लोखंडी रंधा काढला, १८६९ मध्ये स्टॅनली कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि तिथून ते ४ नंबर, ५ नंबर, ७ नंबर जगभर झाले. ४ नंबर म्हणजे साधारण ९-१० इंची, शेवटचा हात मारायचा, ५ नंबर १४ इंची, सगळ्या कामाचा, आणि ७ नंबर २२ इंची, लांब फळ्यांच्या कडा सरळ करून जोड मारायला. आपल्याकडच्या अनंत, ग्रोझ वगैरे कंपन्यांचे रंधे त्याच बेलीच्या घडणीवर आहेत. लाय-निल्सन ही अमेरिकेतल्या मेन राज्यातली कंपनी, १९८१ पासूनची, त्यांनी स्टॅनलीच्याच नंतरच्या बेडरॉक नावाच्या चांगल्या मॉडेलवरून आपले रंधे केलेत. म्हणजे घडण जवळपास तीच. फरक पडतो तो कारखान्यात किती मेहनत घेतली त्याचा, आणि ती मेहनत कारखान्यात झाली नसेल तर ती घरी आपल्याला करावी लागते, बाकी काही जादू नाही.

ती मेहनत म्हणजे काय ते दुकानातच बघता येतं. देशी ४ नंबर हातात घ्या, पातं आत ओढा, तळ वर करा आणि गुण्याची सरळ कड त्याच्यावर लांबीत ठेवा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा. पुढचं टोक, तोंडाच्या (पातं खाली जिथून बाहेर येतं ती फट) बरोबर पुढची पट्टी आणि मागचं टोक, या तीन जागी उजेड दिसायला नको. बाकी कुठे थोडाफार दिसला तरी चालतं. पण तोंडाच्या पुढेच उजेडाची रेघ दिसली तर तो रंधा फळी दाबूनच धरणार नाही, आणि लाकडाच्या रेषा उपटणार. एका रंध्याला (कंपनीचं नाव नको) मी असा उजेड दोन्हीकडून आरपार बघितलाय, दुकानदार म्हणे चालवून चालवून घासला जाईल. घासला जात नाही! मार्बलवाल्याकडून ग्रॅनाइटचा सपाट तुकडा आणायचा, त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि तळ घासत बसायचा, मग १२०, मग २२०. घासताना पातं आत ओढून पण आवळून ठेवायचं, कारण आवळल्यावर बॉडी किंचित वाकते आणि काम करताना ती त्याच आकारात असते. पातं न आवळता घासणारा माणूस पाहिला की समजावं, तळ नीट होणार पण पातं बसवल्यावर परत वाकणार.

दुसरी जागा म्हणजे पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी, कॅप आयर्न. स्वस्त रंध्यात ही पात्याला पूर्ण चिकटून बसत नाही, मधे केसाएवढी फट राहते, आणि सागवानाचं सालपट त्या फटीत घुसतं, त्यावर दुसरं, मग तोंड गच्च, रंधा थांबला, पातं काढा, नखाने साफ करा, परत लावा. पट्टीची खालची कड निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) थोडी आतल्या बाजूने तिरकी घासली की हा त्रास जातो. आणि ती पट्टी पात्याच्या धारेच्या अगदी जवळ, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात नेऊन ठेवली की उलट्या रेषेचं लाकूडसुद्धा उपटत नाही. शिसमला तर हा उपाय पाहिजेच, तिथे रेषा एकदा इकडे एकदा तिकडे जातात. हे ज्याला माहीत नाही तो २ हजाराचा रंधा शिव्या देऊन फेकतो आणि ३० हजाराचा घेऊनही तोच प्रकार करतो.

लाय-निल्सन किंवा वेरिटासमध्ये ही दोन्ही कामं झालेली मिळतात. तळ सपाट, बाजू काटकोनात, पट्टी बसलेली. पातं साधारण ३ मिलिमीटर जाड, जुन्या स्टॅनलीचं आणि देशी बहुतेक रंध्यांचं २ च्या आसपास असतं, त्यामुळे गाठीवर आलं की पातं थरथरतं आणि फळीवर बारीक लाटा उमटतात, जाड पात्याला तसं होत नाही. स्क्रूची चकती फिरवली की पातं लगेच हलतं. देशी रंध्यात चकती आधी नुसतीच फिरते, मग हलते, सवय होते पण वैताग आहेच. अजून एक गोष्ट फार कोणी सांगत नाही, ती म्हणजे या दोघांच्या बॉडीचं लोखंड डक्टाइल, म्हणजे चिवट असतं, साधं बीड नाही. आपल्याकडे शहाबादी फरशीवर रंधा पडला की बीडाचा तडकतो नाहीतर मुठीपाशी तुटतो, डक्टाइल वाला सहसा वाचतो.

दोघांत काय घ्यायचं? लाय-निल्सन दिसायला देखणा, चेरीच्या लाकडाची मूठ, आणि ४ नंबर ब्राँझमध्येपण मिळतो, जड असतो आणि पावसाळ्यात गंजत नाही. पण त्याच्या देखणेपणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि ज्याने जुना स्टॅनली वापरलाय त्याला हातात तो लगेच ओळखीचा वाटतो, हीच त्याची खरी गंमत आहे. वेरिटास कॅनडाची, ली व्हॅलीवाल्यांची, दिसायला जरा मशीनचा पार्ट वाटतो, पण डोकं जास्त लावलंय. पातं खाली-वर आणि डावी-उजवी दोन्ही एकाच दांडीने, पात्याच्या दोन्ही बाजूंना छोटे स्क्रू म्हणजे धार लावून परत घातलं की जागेवर बसतं. आणि पात्याचं स्टील निवडता येतं, ओ-१, ए-२ (ही स्टीलच्या प्रकारांची नावं), नाहीतर त्यांचं स्वतःचं पीएम-व्ही११. माझं मत वेरिटासकडे आणि कारण हे स्टीलच.

कारण आपलं लाकूड सागवान. नवापूर-तळोद्याकडचं असो की वाडा पाडला तिथलं, सागवानात वाळूचाच भाऊ असलेली सिलिका असते आणि ती पात्याची धार खाते. साध्या पात्याला सागवानावर थोडं काम केलं की परत निसण्यावर न्यावं लागतं, पीएम-व्ही११ सारखं पातं बराच जास्त वेळ टिकतं. फक्त त्याची दुसरी बाजू अशी की कडक पातं घासायला जीव जातो, आपला बाजारातला काळा तेलाचा दगड त्यावर चालत नाही असं नाही पण फार वेळ लागतो, त्यासाठी डायमंडची पट्टी नाहीतर चांगला पाण्याचा दगड घ्यावा लागेल, तो खर्च आधीच धरा. ओ-१ पटकन धार घेतं आणि पटकन जातं. रोज थोडं थोडं काम करणाऱ्याला ओ-१ सुद्धा वाईट नाही.

आता सुताराचा लाकडी रंधा. बाभळीचा नाहीतर शिसमचा ठोकळा, पाचर ठोकलेली, पातं हातोडीच्या टिचकीने पुढे-मागे. हजाराच्या आत होतो आणि वजनाला हलका. आपले जुने सुतार जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून काम करतात, तिथे २ किलोचा लोखंडी रंधा दिवसभर चालवणं म्हणजे खांदा संपला, लाकडी रंधा सटासट चालतो आणि लाकडावर लाकूड घसरतं तसं लोखंड घसरत नाही (लोखंडी तळाला मेणबत्ती चोळली की फरक पडतो, तेवढं करा). पण खान्देशात लाकडी रंध्याचा शत्रू म्हणजे हवा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात, ठोकळा सुकतो, पाचर सैल पडते, सकाळी हात लावला की पातं मागे सरकलेलं. सुतारबाबा म्हणतात "पाचर ढिली व्हई गई भो" आणि दोन टिचक्या मारून पुढे लागतात. मग जुलैमध्ये तोच ठोकळा फुगतो आणि तळाला पोट येतं. वर्षातून दोनदा तळ सारखा करायची तयारी असेल तर लाकडी रंध्यासारखं स्वस्त सुख नाही. जपानी कन्ना म्हणजे त्यांच्या लाकडी रंध्याचं पण असंच, ओढून चालवायचा, कडक स्टीलची पातळ चिप मऊ लोखंडावर बसवलेलं पातं, कापतो अप्रतिम, पण त्याचा ओकचा ठोकळा इथल्या उन्हात फार सांभाळावा लागेल, म्हणून पहिला रंधा म्हणून मी कोणाला सुचवत नाही.

किंमत बघा. देशी लोखंडी दीड-दोन हजारापासून. लाय-निल्सन किंवा वेरिटास इथे पोचेपर्यंत शिपिंग, कस्टम सगळं धरून २५ हजारांच्या खाली येईल अशी आशा ठेवू नका, आणि मागवताना कस्टमचा हिशोब आधी विचारून घ्या. जुना स्टॅनली किंवा इंग्लंडच्या रेकॉर्ड कंपनीचा रंधा भंगारात नाहीतर एखाद्या जुन्या कारखान्यात मिळाला तर मात्र डोळे झाकून घ्या, फक्त तोंडापाशी आणि बाजूंना तडा नाही ना एवढं नखाने चाचपून.

मला विचाराल तर मधला रस्ता असा. देशी ५ नंबर घ्या, ग्रॅनाइटवर एक रविवार घाला, आणि वाचलेल्या पैशात पहिल्या नंबरचं पातं आणि धारेचे दगड घ्या. जाड पातं घालायचं असेल तर त्या रंध्याच्या तोंडातून ते जातं का बघा, कधीकधी तोंड कानसने थोडं उघडावं लागतं. सहा महिने असं काम करा. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर वेरिटासचा ४ नंबर किंवा लो-अँगल जॅक (५ नंबरएवढा, पण पातं जास्त आडवं असलेला रंधा) घ्या. लो-अँगलमध्ये पातं १२ अंशावर उताणं, म्हणजे धारेची तिरकी बाजू वर करून बसतं, २५ अंशाची धार धरली तर कापायचा कोन एकूण ३७, फळीच्या टोकाला, आडव्या कापाला लोण्यासारखा चालतो, आणि दुसरं पातं ३८ अंशाला घासून ठेवलं की एकूण ५० होतं, तेच शिसमला वापरा. एका बॉडीत दोन रंधे झाले.

अजून एक, वाड्याचं जुनं सागवान आणाल तेव्हा महाग पातं लगेच लावू नका. अमळनेर-चोपड्याकडच्या जुन्या तुळयांत घडवलेले खिळे आत मोडून राहिलेले असतात, वरून काळा ठिपका सोडून काही दिसत नाही. आधी लोहचुंबक फिरवा, ठिपका दिसला की पटाशीने कोरून बघा, आणि पहिले हात देशी रंध्यानेच मारा.