मोबाईलची क्लिपवाली मॅक्रो लेन्स, सिरफिड माशीवाल्यांच्या नजरेतून

मोबाईलला चिमट्यासारखी लावायची मॅक्रो लेन्स, तीनशे-साडेतीनशेत कुठेही ऑनलाइन मिळते, ती घेतली. बॉक्सवर १५एक्स छापलंय ते काही मनावर घेऊ नका. ५ पैकी ४ स्टार.

मला ती हवी होती हॉवरफ्लायच्या जाती ओळखायला, म्हणजे आपले शेतीवाले जिला सिरफिड माशी म्हणतात ना, जिच्या बऱ्याच जातींची अळी मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) खाते, ती. जगात हिच्या ६००० च्या वर जाती आहेत आणि साध्या मोबाईल फोटोत आपल्याला दिसतं काय, तर पोटावरचे काळे-पिवळे पट्टे. सगळा घोळ तिथेच आहे राव. एपिसिर्फस बाल्टिएटस ही जात घ्या, कोथिंबीर फुलावर आली की घिरट्या घालायला हजर. कोष गारठ्यात राहिला तर माशी काळपट निघते, उबेत राहिला तर जवळजवळ नारिंगी, त्यामुळे डिसेंबरातली आणि मार्चमधली शेजारी ठेवली तर कुणीही दोन जाती म्हणेल. फोटो ओळखणारी अ‍ॅप्सपण यात गडबडतात, रंग बदलला की नाव बदललं. शिवाय अळीला मावा कमी मिळाला तर माशीच बारकी होते, म्हणजे साइजवर पण भरवसा नाही.

लेन्सचे पैसे वसूल होतात ते इथे, कारण रंग सोडून बाकीचं दिसायला लागतं. बाल्टिएटसच्या पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या खंडावर जाड काळ्या पट्ट्याशिवाय एक बारीक जादा रेघ असते, ती कमीजास्त ठळक होते पण जागा तीच. पंखाच्या मधोमध एक खोटी शीर असते, कशालाच न जोडलेली, नुसती घडी पडल्यासारखी, ती दिसली की ही सिरफिडच, मधमाशी नाही (तिला तर पंखच चार असतात). एरिस्टॅलिनस या सिरफिडच्याच दुसऱ्या गटात पंखाची एक शीर खाली झोकदार वाकते आणि डोळ्यांवर ठिपके नाहीतर पट्टे असतात, तो फोटो जमला ना की दिवस सार्थकी लागतो. इस्किओडॉन स्कुटेलॅरिस ही आणखी एक जात करडईवर, मोहरीवर, जिथे मावा तिथे दिसते, आणि नर असेल तर मागच्या पायाच्या बुडाशी एक बारीक काटा असतो, हा फोटो मात्र बाजूनेच काढायचा, वरून कितीही काढा, काटा दिसणार नाही.

आणि हो, पट्टे जुळवत बसण्याआधी डोळे बघा. डोकं वरून पाहिलं की बहुतेक जातींत नराचे दोन्ही डोळे एकमेकांना चिकटलेले दिसतात, मादीचे सुटे. एकाच जातीच्या नर-मादीत पण नक्षीचा फरक असतो, तो आधी बाजूला काढला की निम्मी डोकेदुखी जाते.

आता एक स्टार का कापला. फोकस दोन बोटांच्या अंतरावरच होतो आणि तेवढं जवळ गेलं की बाई उडाल्याच. सकाळी लवकर जा, गारव्यात सुस्त असतात, ऊन चढलं की नाद सोडा. फोटोच्या कडेला जांभळट झालर येते, म्हणून माशी कायम मधोमध घ्या, नाहीतर नसलेला रंग तिच्या अंगावर दिसणार. समोरून ऊन असेल तर पंख नुसते चकाकतात, शिरा गायब, जरा सावली धरली की झालं. तीन कॅमेऱ्यांचा फोन असेल तर क्लिप मेन कॅमेऱ्यावरच बसवा आणि फोनचा ऑटो मॅक्रो बंद करा, तो आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि आपण विचार करत बसतो की लेन्स खराब निघाली. जाड कव्हरवर क्लिप सरकते, कव्हर काढूनच लावा. सोबतचं काचेचं फडकं भंगार आहे, चष्म्याचं वापरा.