पावसाळ्यातलं रोजचं धरणपत्रक : विसर्गाआधी आवक बघा

पावसाळा लागला की रोज सकाळी मोबाईलवर धरणांचं पत्रक येतं, त्याबद्दल लिहितोय. फुकट मिळतं म्हणून कुणी त्याचा रिव्ह्यू लिहीत नाही, पण माझं किराणा दुकान सांगलीत गणपती पेठेत आहे आणि माझ्यासाठी हा कागद पेपरच्या आधीचा. फॉरवर्ड सगळेच करतात, वाचतात थोडे.

2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तिथं इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 आहे म्हणजे बघा. साखर, डाळी, तांदूळ, खालची सगळी पोती गेली. तेव्हा मला पत्रकातला एकच आकडा कळायचा, कोयनेचा विसर्ग, म्हणजे धरणातून खाली सोडलेलं पाणी. त्याच्या शेजारी आवक, म्हणजे धरणात येणारं पाणी, लिहिलेली असते, ती आधी बघायची असते हे फार उशिरा कळलं.

समजा आवक 60 हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) आहे आणि विसर्ग 30 हजार. लगेच ग्रुपवर सुरू होतं, कोयनेनं पाणी सोडलं, आता काही खरं नाही. अहो पण धरण नसतं तर 60 हजारच्या 60 हजार खाली आले असते ना, निम्मं शिवसागरानं, म्हणजे कोयनेच्या जलाशयानं, पोटात घेतलंय. हिशोब सोपा आहे, साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास वाहिलं की 1 टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं, म्हणजे या उदाहरणात दिवसाला अडीच टीएमसी धरणात अडतंय. मग तिसरा आकडा बघायचा, जागा किती उरली. कोयना 105.25 टीएमसीचं, त्यात 100 भरलेलं असेल आणि आवक अशीच असेल तर दोन दिवसांत ते भरणार आणि मग जेवढं येईल तेवढं सोडावंच लागणार. माल वर चढवायला तेव्हाच घ्यायचा, विसर्ग वाढल्याचा मेसेज यायची वाट बघत बसायचं नाही.

आधीच का नाही सोडत, हा प्रश्न मलाही पडायचा आणि रागही यायचा. पण कोयनेचे सहा वक्र दरवाजे वरच्या अंगाला आहेत, साठा 73 टीएमसीच्या आसपास गेला की मगच पाणी त्यांना टेकतं, तोवर नदीत सोडायचं तर पायथा वीजगृहातून, ते 2100 क्युसेक. म्हणजे पूर अडवायला खरी कामाची जागा वरची 32 टीएमसी, ती ऐन पावसात मोकळी हवी आणि तीच पुढं उन्हाळ्यात शेतीला, विजेला भरलेली हवी. कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा हे म्हणूनच आधी ठरलेलं असतं, त्याला आरओएस म्हणतात. कोल्हापूरकडं राधानगरीचं अजून वेगळं, 8.36 टीएमसीचं धरण आणि 7 स्वयंचलित दरवाजे, पाणी ठरलेल्या उंचीला आलं की आपोआप उघडतात, एकातून 1428 क्युसेक. तिथं लोक आज कितवा दरवाजा उघडला हेच मोजतात.

पत्रकात मला कमी वाटतं ते धरणाच्या खालच्या पावसाचं. कोयनानगरच्या धरणापासून, कोयना जिथं कृष्णेला मिळते त्या कराडपर्यंत आणि तिथून सांगलीपर्यंत जो पाऊस पडतो तो कोयना कसा अडवणार, आणि त्यात आमच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, ती फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही. कोयनेचा विसर्ग कमी केला तरी आयर्विनची पातळी लगेच का उतरत नाही, त्यात याचाही हात असतो. त्यामुळं मी वारणेवरच्या चांदोली धरणाची ओळ आणि कराडची पातळी पण रोज बघतो.

दुसरी तक्रार वेळेची. एकदा रात्री विसर्ग वाढला आणि मला सकाळी सातला पत्रक आल्यावर समजलं. पाणी सांगलीत पोचायला साधारण एक दिवस लागतो म्हणून निभावलं, पोरांनी दुपारपर्यंत सगळी पोती माळ्यावर टाकली. अक्षरं पण फार बारीक असतात, मोबाईलवर ताणून ताणून वाचावं लागतं.

तरी 5 पैकी 4 देतो. एक कापला तो रात्रीच्या मेसेजसाठी, विसर्ग बदलला की दोन ओळी त्याच वेळी पाठवा, नदीकाठचा माणूस जुलै-ऑगस्टमध्ये तसाही जागाच असतो.