आतल्या सुजेवरून 'खरं वय' सांगणारं टेस्ट किट : दोन स्टार

बहिणीने हौसेने दिलं होतं हे किट, घरीच बोट टोचून रक्त पाठवायचं आणि ते शरीरातल्या सुजेवरून आपलं "खरं वय" सांगणार. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको.

टोचणं सोपं पण रक्त काही निघेना, दोन सुया वाया गेल्या, कार्डावरचे पाच गोल भरायचे होते त्यातले चार बोट पिळून पिळून कसेबसे भरले. बारा दिवसांनी रिपोर्ट आला, वय ४३ आणि सुजेचं वय ५२, तेही लाल अक्षरात! खाली लगेच त्यांच्याच गोळ्यांचं बटण, "सूज शून्यावर आणा" म्हणे.

धाबंच दणाणलं. मग नीट वाचलं तर सीआरपी ११. हे लिव्हरमध्ये बनणारं प्रोटीन, कुठे सूज आली की आयएल-६ नावाचा सिग्नल लिव्हरला पोचतो आणि सीआरपी वर जातं. १० च्या वर गेलं तर आधी इन्फेक्शन वगैरे आहे का बघतात आणि दोन-तीन आठवड्यांनी टेस्ट परत करतात. आणि माझी नेमकी त्याच आठवड्यात अक्कलदाढ सुजलेली! फॉर्ममध्ये झोप, स्ट्रेस, व्यायाम सगळं विचारलं, पण सध्या काही दुखतंय का हे नाही विचारलं. दाढ काढली, महिन्याने साध्या लॅबमध्ये केलं तर १.३. म्हणजे डेंटिस्टने दाढेबरोबर नऊ वर्षंपण उपटली म्हणायची.

विषय थोतांड नाहीये हां. क्लाउडिओ फ्रान्चेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० सालीच याला इन्फ्लेमेजिंग नाव दिलंय, वय वाढतं तशी इन्फेक्शन नसतानाही आत बारीक धग राहते. म्हाताऱ्या पेशी विभागायच्या थांबतात पण मरत नाहीत, बसल्या जागी आयएल-६ सारखे सिग्नल सोडत राहतात आणि शेजारच्या पेशींनाही बिघडवतात. पण शून्यावर आणा म्हणजे काय? २०१७ च्या कॅन्टोस ट्रायलमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर पेशंटवर आयएल-१ बीटा हा सूज पेटवणारा सिग्नल अडवणारं इंजेक्शन तपासलं, पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण कमी झालं पण इन्फेक्शनने दगावणारे वाढले. सूज म्हणजे पहारेकरी पण आहे ना बाबा.

हे सगळं कस्टमर केअरला लिहिलं, नवा आकडा पण दिला. उत्तर आलं, "अभिनंदन, तुमचं वय कमी होतंय! सहा महिन्यांनी पुन्हा किट मागवा."