रत्नागिरीत टँडम सायकल आणि पायलटचे दोन दिवस

माझा आतेभाऊ जन्मतः दृष्टिहीन आहे आणि सायकलची त्याची हौस माझ्याहून जुनी आहे. रत्नागिरीतल्या एका दुकानात टँडम, म्हणजे एकामागे एक बसून दोघांनी चालवायची सायकल, भाड्याने मिळते आणि पुढे बसणाऱ्याला, म्हणजे पायलटला, दोन दिवसांचे प्रशिक्षणही दिले जाते, हे कळताच आम्ही मे महिन्यात नाव नोंदवले. दोघांचे मिळून २,४०० रुपये झाले, आणि केवळ सायकलीपुरते पाहिले तर ते वसूल झाले.

सायकल जड, पण दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली आहे. दोन माणसांचे वजन घेऊन घाट उतरताना साध्या रबरी ब्रेकवर माझा तरी विश्वास बसला नसता. तक्रार आहे ती डाव्या बाजूच्या चेनची. पुढची आणि मागची पॅडले जोडणारी ही चेन सैल होती, खाऱ्या हवेने गंजलीही होती, आणि पहिल्याच चढावर ती एक दात सरकली; तेव्हापासून माझा पाय वर पोहोचला तरी भावाचा किंचित मागे राहू लागला. दुकानदारांनी संध्याकाळी पुढच्या पॅडलांचा दांडा सरकवून ती विनातक्रार ताणून दिली, मात्र हे काम सायकल ग्राहकाच्या हाती देण्याआधीच व्हायला हवे होते.

प्रशिक्षकांनी मैदानावर जे शिकवले ते चोख होते: लांब सायकलला वळण रुंद घ्यावे, निघताना दोघांचा एकच पाय वर असावा, थांबल्यावर पायलटने जमिनीवर पाय रोवून सायकल धरावी आणि मागच्याने आपले पाय पॅडलवरच ठेवावेत. पण पायलटने सतत बोलायचे असते, हे त्यांनी एकदाही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या उतारावर मी काही न बोलता पॅडल मारणे थांबवले, तसे भावाचे पायही जागच्या जागी अडकले, आणि पाठोपाठ मी ब्रेक दाबताच त्याचे हेल्मेट माझ्या पाठीवर आदळले. "पुढे गाय आहे का रे?" त्याने शांतपणे विचारले. गायच होती. तिथून गणपतीपुळ्यापर्यंत मी "सोडतोय", "ब्रेक", "डावीकडे", "गतिरोधक" असे बोलत राहिलो. सुरूचे बन आल्याचे मात्र वाऱ्याच्या आवाजावरून त्यानेच मला आधी सांगितले.

दुकानाच्या भिंतीवर 'पायलट म्हणजे ड्रायव्हर' असे लिहिलेले आहे, ते पुसावे. पॅरालिम्पिकमध्ये पायलटलाही पदक मिळते, कारण पॅडल दोघेही मारतात. क्रेग मॅक्लीन यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये सांघिक स्प्रिंटचे रौप्य मिळवले आणि २०१२ साली लंडन पॅरालिम्पिकमध्ये अँथनी कॅप्स यांचे पायलट म्हणून सुवर्ण. आयर्लंडच्या पोलीस दलातल्या ईव्ह मॅक्रिस्टल केटी-जॉर्ज डनलेवी यांच्यासह रिओ आणि टोकियो, दोन्हीकडे टाइम ट्रायल (घड्याळाविरुद्धची शर्यत) जिंकल्या. ज्याला या वाटेने जायचे आहे त्याला दोन दिवसांत फक्त सायकल पडू न देणे जमेल; जोडीदाराच्या पायांची लय ओळखायला महिने लागतील, आणि तशी पुढची तुकडी हे दुकान सध्या घेत नाही.

आम्ही ऑक्टोबरसाठी पुन्हा नाव नोंदवले आहे, डावी चेन बदलण्याच्या अटीवर. या वेळी पहिला तास भाऊ शिकवणार आहे, आणि प्रशिक्षकांनी मागच्या सीटवर डोळ्यांना पट्टी बांधून बसायचे कबूल केले आहे.