आर्किटेक्चरची तयारी: क्लास, व्हिडिओ की स्वतःची वही?

घरातल्या अकरावी-बारावीच्या मुलाने 'मला आर्किटेक्चर करायचे आहे' असे एकदा जाहीर केले, की पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: क्लास कोणता लावायचा? गेल्या वर्षी माझ्या ताईनेही भाचीसाठी मला तोच विचारला. मी राहतो ठाण्यात, वाशीतल्या एका लहानशा ऑफिसात आर्किटेक्टचा व्यवसाय करतो, आणि स्वतः बारावीत असताना एक क्लास अर्ध्यावर सोडलेला आहे. त्यामुळे ताईला एका वाक्यात उत्तर देणे मला काही जमले नाही. मग सहा-सात महिने भाचीबरोबर मीही बसलो आणि आज उपलब्ध असलेल्या तिन्ही वाटा पुन्हा एकदा चालून पाहिल्या. एक क्लासची, दुसरी मोबाइलवरच्या व्हिडिओंची आणि तिसरी वही, पेन्सिल आणि टेप घेऊन प्रत्यक्ष इमारतींपुढे बसण्याची. नाटा आणि जेईई मेनचा पेपर 2 ए या आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षा, आणि अभ्यासक्रम पाच वर्षांचा, एवढे माहीत असले की पुढचे वाचायला पुरे.

क्लासविषयी आधी चांगले लिहितो, कारण पुढे थोडे वाकडे लिहायचे आहे. नाटाच्या अलीकडच्या स्वरूपात चित्रकलेचा भाग 80 गुणांचा असतो आणि त्यासाठी 90 मिनिटे मिळतात. त्यातले 30 गुण दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय रचना उभी करण्यासाठी असतात. उरलेले 120 गुण संगणकावरच्या भागाचे, त्यालाही 90 मिनिटे. कागद कापून, दुमडून, चिकटवून एखादी रचना उभी करायची आणि ती परीक्षक येईपर्यंत उभी ठेवायची, हे घरच्या जेवणाच्या टेबलावर एकट्याने कितीही केले तरी शेजारी तीस मुले तेच करत असतानाची घाई अनुभवास येत नाही. ती घाई क्लास देतो. जेईईच्या पेपर 2 ए मध्ये 400 पैकी 100 गुण गणिताचे, 200 अभियोग्यतेचे आणि 100 चित्रांचे असतात. हा हिशेब डोक्यात ठेवून वेळापत्रक आखणे आणि दर रविवारी सराव परीक्षा घेणे हेही क्लास नेमाने करतो. ज्या मुलाला घरी आपणहून अभ्यासाला बसण्याची सवय नाही, त्याच्यासाठी हे बंधन मोलाचे आहे. त्याबद्दल माझा वाद नाही.

माझा वाद आहे तो फुगेवाल्याशी.

मी ज्या क्लासला जात होतो तो ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना काळी फिल्म लावलेल्या खोलीत भरत असे. पहिल्याच आठवड्यात आम्हाला बारा मानवाकृतींचा एक झेरॉक्स कागद मिळाला. छत्री धरलेली बाई, बाकावर बसलेले आजोबा, सायकलवरचा मुलगा, पाठमोरे जोडपे, आणि डोक्यावर फुग्यांचा सरळसोट घड घेतलेला फुगेवाला. या आकृती पाठ करायच्या आणि विषय कोणताही येवो, त्यांतल्या तीन-चार योग्य जागी बसवायच्या, अशी पद्धत होती. 'तलावाकाठची संध्याकाळ' हा विषय आला, तेव्हा तासाच्या शेवटी दोरीवर टांगलेल्या सगळ्या शीटवर डाव्या कोपऱ्यात तोच फुगेवाला उभा होता. तलावासाठीही एक झेरॉक्स होता. त्यात नारळाची तीन झाडे, मागे डोंगर आणि एक शिडाची होडी.

आता हे सगळे जिथे चालले होते तिथून मासुंदा तलाव पाच मिनिटांवर! मी सरांना विचारले की आम्ही एक दिवस तलावपाळीवरच बसून चित्र काढले तर चालेल का. सर रागावले नाहीत. ते अतिशय सभ्य गृहस्थ होते. ते एवढेच म्हणाले, "तिकडे वेळ फार जातो रे, आधी पॅटर्न पक्के होऊ देत." त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असावे, कारण त्यांना मुलांचे गुण वाढवायचे होते आणि ठरावीक वेळेत ठरावीक चित्र देणारी मुले गुण मिळवतही होती. पण त्या संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी गडकरी रंगायतनच्या बाजूला कठड्यावर जाऊन बसलो. तिथला फुगेवाला सरळ उभा नव्हता. काठी खांद्याला टेकवलेली, तलावावरून येणाऱ्या वाऱ्याने सगळे फुगे रस्त्याकडे ओढलेले, आणि तोल सावरायला तो माणूस पाण्याच्या दिशेने किंचित कललेला. मी ती आकृती पाच वेळा काढली आणि पाचही वेळा चुकलो. मात्र त्यानंतर झेरॉक्सवरचा फुगेवाला माझ्याच्याने काढवेना. आणखी तीन आठवडे मी क्लासला जात राहिलो, भरलेल्या फीची लाज वाटत होती म्हणून, मग सोडला.

हे एका क्लासचे, तेही फार पूर्वीचे. आजचे सगळे क्लास असेच असतील असे मी म्हणणार नाही. भाचीच्या निमित्ताने मी ठाण्यात आणि वाशी-नेरुळकडे मिळून तीन ठिकाणी जाऊन बसलो. एका ठिकाणी मुलांना खरोखरच वस्तू समोर ठेवून काढायला लावत होते. उरलेल्या दोन ठिकाणी मात्र मला तो कागद पुन्हा भेटला. आता त्याची पीडीएफ झाली आहे आणि छत्रीवाल्या बाईच्या हातात मोबाइल आला आहे. तेव्हा क्लास पाहायला जाल, तर भिंतीवर लावलेली मुलांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकच हात सगळीकडे फिरलेला दिसला, तर समजायचे ते समजावे.

व्हिडिओंची गोष्ट निराळी. ते फुकट आहेत, कधीही पाहता येतात, आणि पर्स्पेक्टिव्हसारखा, म्हणजे जवळचे मोठे आणि लांबचे लहान दाखवण्याचा, विषय फळ्यावर समजत नाही तो दोन-तीन वेळा मागे नेऊन पाहिल्यावर समजतो. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानेही विनामूल्य पाहता येतात आणि इतिहास, हवामान, बांधकाम या विषयांची गोडी लागायला ती मला उत्तम वाटतात. फक्त ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, बारावीच्या मुलाने त्यांत अडकून पडू नये. चित्रकलेच्या व्हिडिओंची अडचण अशी, की त्यांतला हात भरधाव पळतो. एका तासाचे चित्र चार मिनिटांत बसवलेले असते. म्हणजे जिथे काढणारा थांबला, पेन्सिल उचलली, मान मागे घेऊन पाहिले आणि खोडले, नेमका तोच भाग आपल्याला दिसत नाही. शिकायचे असते ते तिथेच.

भाचीने असे बरेच व्हिडिओ पाहून टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा दोन बिंदूंना मिळतात अशा चित्राची, सुरेख शीट केली होती. मी तिला म्हटले, आता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आपला ओटा काढ. ओटा हवेत तरंगला. पॉइंट कुठे घ्यायचे हे व्हिडिओत आयते मिळाले होते. इथे ते कोणी दिलेले नव्हते. मग तिला तिथेच पाटावर बसवले. उभे राहिल्यावर ओट्याचा वरचा कडप्पा, त्यावरची शेगडी, सांडलेले पाणी असे सगळे दिसत होते. जमिनीवर बसताच कडप्प्याची नुसती एक आडवी रेघ उरली, कारण बसलेल्या माणसाचे डोळे आणि ओटा जवळपास एकाच उंचीवर येतात. "मामा, म्हणजे होरायझन लाइन भिंतीवर नसते, माझ्या डोळ्यांबरोबर वर-खाली होते," असे ती म्हणाली. एवढे वाक्य व्हिडिओतही होतेच, तिने ते वहीत उतरवूनही घेतले होते. पण ते पटायला पाट लागला.

तिसऱ्या वाटेकडे माझा कल आहे हे एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल. तरी तिच्या अडचणीही सांगायला हव्यात. वहीला वेळापत्रक नसते. चार दिवस पाऊस लागला की वही बंद, आणि सहामाही परीक्षा आली की महिनाभर बंद. रंगसंगतीचा जो प्रश्न नाटात असतो, त्याचा सराव इमारतींसमोर बसून होत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे वही पाहणारे कोणीतरी जाणते लागते. ते घरात नसेल, तर ओळखीतला एखादा आर्किटेक्ट, शाळेतले चित्रकलेचे शिक्षक किंवा या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातला एखादा विद्यार्थी गाठून पंधरा दिवसांतून एकदा वही दाखवावी. चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिलेल्या मुलाचा हात बसलेला असतो, त्याला हे सोपे जाते. पण न दिलेल्यालाही जमते, भाचीने ती दिली नव्हती. सोबत एखादे पुस्तक हवेच असेल, तर फ्रान्सिस चिंग यांचे 'आर्किटेक्चर: फॉर्म, स्पेस अँड ऑर्डर' ग्रंथालयातून आणावे. 1979 साली प्रथम निघालेले हे पुस्तक हाताने काढलेल्या रेखाटनांनी भरलेले आहे. मजकूर न वाचता नुसती चित्रे वहीत उतरवत गेले तरी हात सुधारतो.

या वाटेने जे मिळाले ते मात्र मला इतरत्र कुठे मिळेल असे वाटत नाही. एका रविवारी आम्ही अंबरनाथला गेलो. तिथले शिवमंदिर इसवी सन 1060 चे, शिलाहारांच्या काळातले. बाहेरून भिंतीची इतकी वळणे आणि कोपरे, की भाची पावलांनी मोजत दोनदा प्रदक्षिणा घालून आली तरी तिचा प्लॅन काही जुळेना. शेवटी मंडपाचा तेवढा काढला आणि गाभारा जोडायला गेली, तर तिच्या लक्षात आले की गाभारा मंडपाच्या पातळीवर नाहीच. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. "हे खाली जाणे कागदावर दाखवायचे कुठे?" तिने विचारले. मी वहीचे पान उलटायला सांगितले आणि मंदिर सुरीने मधोमध कापल्यासारखी एक उभी आकृती काढून दाखवली. सेक्शन म्हणजे काय हे पहिल्या वर्षात आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना जुरी, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याची वेळ, येईपर्यंत उमगलेले नव्हते, त्यांत मीही होतो. तिने तो आधी मागितला, मग शिकला.

दुसरी जागा ट्रान्स-हार्बर मार्गावर, ठाण्याहून पनवेल लोकलने थेट जाता येईल अशी: सीबीडी बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज. नवी मुंबईच्या मूळ कल्पनेत ज्यांचा वाटा होता त्या आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी) केलेली ही वसाहत 1983 ते 1986 या काळात उभी राहिली. सात घरे एका लहान चौकाभोवती, असे तीन चौक मिळून एक मोठा चौक, असे ते गुंफत नेलेले आहे; आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला जसे जमेल तसे त्याने आपले घर वाढवावे. लोकांनी ते वाढवलेच. मूळची उतरत्या छपराची बैठी घरे आता शोधावी लागतात, बहुतेकांच्या जागी काँक्रीटचे मजले आले आहेत. भाची आधी हिरमुसली. चित्रातल्यासारखे काहीच नाही म्हणाली. पण तासाभराने ती एका चौकात बसून त्याचा प्लॅन काढत होती, आणि तिला कळेना की तुळशी, दोन स्कूटर आणि खाटेवर वाळत घातलेले पापड प्लॅनमध्ये दाखवायचे की नाही. एका काकूंनी पापडांवरून हात फिरवत आमची चौकशी केली, मग पाणीही दिले. घरे पाडली, बांधली, वाढली, तरी चौक तसाच राहिला होता. नकाशात जो भाग कोरा दिसतो तोच सर्वांत जास्त वापरात असतो, हे मी तिला ऑफिसात बसून दहा वेळा सांगितले असते तरी तिने मान डोलावून सोडून दिले असते.

ऑफिसचा विषय निघालाच आहे तर एक लहानसे. सुट्टीत दहा-पंधरा दिवस एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात मुलाला नुसते बसू द्यावे. तिथे प्रेरणा वगैरे फारशी मिळत नाही. महापालिकेत दिलेल्या फाइलमधल्या शंका, बांधकामाच्या नियमांची, म्हणजे 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीची पाने, क्लायंटने चौथ्यांदा हलवलेले बाथरूम, असेच बघायला मिळते. ते बघूनही मूल दुसऱ्या दिवशी परत आले, तर निम्मा निर्णय झाला.

आमच्याकडे शेवटी झाले ते असे: भाचीने पूर्ण वर्षाचा क्लास लावला नाही. जूनपासून वही चालू ठेवली, अडले तिथे व्हिडिओ पाहिले, आणि परीक्षेआधीचे दोन महिने फक्त रविवारच्या सराव परीक्षांसाठी आणि त्रिमितीय रचनेसाठी एका क्लासमध्ये नाव घातले. त्या क्लासने निव्वळ सरावासाठी प्रवेश देण्यास आधी खळखळ केली, मग दिला. प्रत्येक मुलाला हेच लागू पडेल असा माझा आग्रह नाही. गणित कच्चे असेल किंवा घरात शांत कोपरा नसेल, तर पूर्ण क्लास लावणेच कदाचित शहाणपणाचे ठरेल. पण क्लास लावलात तरी वही बंद करू नका, एवढे मी भीड न ठेवता आवर्जून सांगेन.

आणि आर्टिस्ट व्हिलेजला जाणार असाल, तर घरातला 5 मीटरचा टेप नेऊ नका. लहान चौकाची बाजू साधारण 8 मीटरची आहे. आम्हाला ती दोन तुकड्यांत मोजावी लागली, मधली खूण एका स्कूटरच्या चाकापाशी केली, आणि दुसरे टोक धरायला भाची वळेपर्यंत स्कूटरवाला स्कूटर घेऊन निघून गेला होता.