झोटेरो, सात महिन्यांनंतर : ग्रंथसूची जमली, ‘ळ’ अडला

प्रबंध सादर करायला आठ महिने उरले होते आणि डीटीपीवाल्याने परत दिलेली ग्रंथसूची बघून मला दुकानातच रडू आलं. २१२ नोंदी होत्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) आणून मग अकारविल्हे लावून द्या, असं सांगितलं होतं. त्यांनी आधी अकारविल्हे लावली आणि मग युनिकोड केलं. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसत असलं, तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. क्रम त्यांचा लागला. भागवतांच्या खाली आपटे, आपट्यांच्या खाली सरदेसाई. वर दुरुस्तीचे पानाला तीस रुपये वेगळे. माझा विषय जात्यावरच्या ओव्या, नोकरी विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर. पानाला तीस रुपये मला परवडत नाहीत. त्या रात्री लिबरऑफिस (वर्डसारखं लिहिण्याचं सॉफ्टवेअर) आणि झोटेरो (संदर्भांच्या नोंदी ठेवून त्यांची ग्रंथसूची करून देणारं सॉफ्टवेअर) दोन्ही उतरवून घेतलं. दोन्ही फुकट.

आता थेट मराठी प्रबंधाचं बोलते.

पहिले दोन महिने मी ‘मराठीसाठी याच्या वाटेला जाऊ नका’ असंच सगळ्यांना सांगत होते. नोंदी भरायला वेळ लागला, त्याचं काही नाही. आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांक दिला की झोटेरो माहिती स्वतः भरतं; जुन्या मराठी पुस्तकांना तो नसतो, म्हणजे लेखक, ग्रंथनाम, प्रकाशन, स्थळ, वर्ष, आवृत्ती हे सगळं हातानेच भरायचं. पण सूची काढली की मराठी नावांच्या मागे इंग्रजीत ‘एट अल.’ (व इतर), संपादकाच्या जागी ‘एड.’, तळटीपेत ‘इबिड.’ (वरच्याच ग्रंथात). ओव्यांच्या प्रबंधात ‘इबिड’! माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्यावर लाल शाईने गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘तत्रैव’.

ते मत मी मागे घेतलं आहे, कारण हे बदलता येतं. झोटेरोतली प्रत्येक संदर्भशैली, म्हणजे संदर्भ कसे मांडायचे याचे नियम, ही एक साधी मजकुराची फाइल असते. ती सेटिंगमधल्या स्टाइल एडिटरमध्ये उघडते. एमएलएच्या (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या) नवव्या आवृत्तीची शैली मॅडमना हव्या त्या मांडणीच्या सगळ्यात जवळ होती, म्हणून ती घेतली. तिच्यात ‘लोकेल’ नावाचा छोटा भाग घालून शब्द बदलले: व इतर, आणि, संपा., अनु., पृ., तत्रैव. मला प्रोग्रामिंगचा गंध नाही, तरी एका रविवारी हे काम झालं. संध्याकाळी सूची काढली तेव्हा मराठी नोंदींमध्ये एकही इंग्रजी शब्द उरला नव्हता. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

इथे एक चूक माझी झाली, ती तुम्ही करू नका. शैलीचं नाव आणि तिचा आयडी मी बदलला नव्हता. झोटेरो शैली आपोआप अद्ययावत करतं, तेव्हा मूळ शैली माझ्या फाइलवर येऊन बसली आणि सगळे बदल गेले. दुसऱ्यांदा करताना दोन्ही बदलले.

आता ‘ळ’. मराठीत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर, आणि त्यापुढे क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवला आहे, आणि क्ष म्हणजे नुसतं क् अधिक ष. परिणाम असा की माझ्या सूचीत काणे, कामत, काळे, कासार असा क्रम लागला. हवा होता काणे, कामत, कासार, काळे. क्षीरसागर सगळ्यांच्या शेवटी यायला हवेत, ते ‘क’च्या शेवटाला, खाडिलकरांच्या आधी. मराठी आडनावांत ‘ळ’ किती आहेत ते सूची करताना कळतं: काळे, मुळे, केळकर, वाळिंबे. हे क्षुल्लक आहे, परीक्षक बघतही नाहीत, असं मला तिघांनी सांगितलं. मला ते पटत नाही. बाराखडी शिकवणाऱ्या बाईंची मी मुलगी आहे, आणि मराठीच्या प्रबंधात वर्णमाला चुकलेली मी बांधून देणार नाही. १७ नोंदी हाताने हलवल्या. पुस्तक वाढलं की पुन्हा हलवल्या. सात महिन्यांत चार वेळा.

सुदैवाने हलवणं सोपं झालं ते दुसऱ्याच एका उणिवेमुळे. झोटेरो एकाच सूचीचे मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिकं, कोश, मुलाखती असे भाग पाडून देत नाही. म्हणून प्रत्येकाचं वेगळं कलेक्शन (झोटेरोतला फोल्डर) केलं, त्याची सूची काढून कागदपत्रात चिकटवली. ती साधा मजकूर म्हणून येते, ओळ उचलून खाली ठेवता येते. इंग्रजी कलेक्शनला मूळ एमएलए, मराठीला माझी शैली. हे मात्र प्रबंध पूर्ण झाल्यावर, अगदी शेवटी करा. आधी चिकटवाल तर नवी पुस्तकं त्यात येणार नाहीत.

झोटेरोची ऑनलाइन फुकटची साठवण ३०० एमबी. स्कॅन केलेल्या जुन्या मासिकांनी ती पंधरवड्यात भरली. फाइलींचं सिंक बंद केलं, फक्त नोंदींचं ठेवलं. नोंदींना मर्यादा नाही. पीडीएफ पेनड्राइव्हवर. पैसे भरायची वेळ आली नाही.

परिशिष्टांसाठी लिबरऑफिसची पानशैली पुरली, आडवा नकाशाही बसला. एकच सांगते: साहित्यचौर्य तपासणीत यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८चे नियम संदर्भ, ग्रंथसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश वगळायला सांगतात. त्या यादीत परिशिष्ट नाही. माझ्या परिशिष्टात आधी छापलेल्या १४० ओव्या होत्या. प्रत्येकीला अवतरणचिन्हं आणि खाली स्रोत दिला, कारण योग्य श्रेय दिलेली अवतरणंही वगळली जातात. ग्रंथालयाने अहवाल काढला तेव्हा साम्य १० टक्क्यांच्या आत होतं.

मंगळवारी पाच प्रती बांधायला दिल्या. त्याआधी मॅडमनी ‘क’ची दोन पानं काढून बोटाने ओळ धरत वाचली, काळे कासारांच्या खाली आहेत हे पाहिलं आणि सही केली. शैलीची फाइल आता आमच्या विभागातल्या दोन मुलींकडे दिली आहे. एकीचा विषय पोवाडे आहे. तिने ‘शाहीर’ हा लेखकाच्या जागी कसा भरायचा ते विचारलंय, त्यावर अजून आमचं ठरायचं आहे.