मोफत वाचनालय, नारायण पेठ: पहिल्या शनिवारची बैठक

फलकावर नाव नाही, नुसतं ‘मोफत वाचनालय’ असं हिरव्या रंगात लिहिलंय. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, बाजूने लाकडी जिना, वर दोन खोल्या. चालवणाऱ्या काकांना स्वतःचं नाव कुठे आलेलं आवडत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. सकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांसाठी ही जागा चांगलीच आहे. आठ-नऊ वर्तमानपत्रं उतरत्या फळ्यांवर लावलेली असतात आणि एकमेकांशी अजिबात न पटणारे पेपर शेजारी शेजारी असतात. पण मला सांगायचंय ते महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या बैठकीबद्दल. मी सहा महिने जातेय.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात एका आडत्याकडे, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्याकडे, हिशेब लिहिते. सव्वीस वर्षं झाली. माझे वडील, आण्णा, हमाल होते. आधी भवानी पेठेत, मग बाजार गुलटेकडीला आला तेव्हा तिकडे. आमचं लहानपण काशेवाडीत गेलं. मिरचीची पोती उतरवून आण्णा घरी आले की आधी शर्ट बाहेर दोरीवर जायचा, कारण तो आत आणला की आम्ही सगळी भावंडं खोकायचो. मानेच्या मागे, उजव्या बाजूला, त्यांच्या कातडीचा घट्टा झाला होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचे, आण्णांना ते कळायचंसुद्धा नाही. तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. हमालांचे नेते बाबा आढाव, त्यांची हमाल पंचायत ही संघटना, हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा, गावातलं पाणी सगळ्या जातींना खुलं करायची ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ, १९७४ साली सुरू झालेली स्वस्त जेवणाची ‘कष्टाची भाकर’, हे सगळं आमच्या घरात नातेवाइकांच्या बातम्यांसारखं बोललं जायचं. त्यामुळे माझी राजकीय मतं काय आहेत असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगायचे. ती कुठून आली असं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

बैठकीचा नियम एकच आहे. स्वतःचं बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं, आणि तो “हो, हेच” म्हणेपर्यंत सांगत राहायचं. तो “नाही” म्हणाला की पुन्हा. काका मध्ये पडत नाहीत, चहा गाळत बसतात.

माझ्या पहिल्याच बैठकीचा विषय होता तोलाई. ज्यांना बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी: शेतकऱ्याचा माल विकला की त्याला पट्टी मिळते. वर मालाचे पैसे आणि खाली कापलेले पैसे, म्हणजे हमाली, तोलाई, भराई, गाडीभाडं. पूर्वी आडतही, म्हणजे आडत्याचं कमिशन, त्यातच असायची. २०१६ च्या जुलैत ती शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं सरकारने ठरवलं. आमच्या पट्टीबुकातला आडतीचा रकाना मी स्वतः फूटपट्टी ठेवून खोडला होता, छापील पुस्तकं संपेपर्यंत. तोलाईचा वाद असा की इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन आपोआप दिसत असेल तर तोलणाऱ्याची मजुरी शेतकऱ्याने का द्यायची.

समोर बसला होता शिरूरकडचा एक मुलगा. हिंजवडीत कंपनीत आहे, वडील कांदा करतात. मी मनात म्हटलं, हा काय सांगणार मला. आणि सुरुवात केली, “तुमचं म्हणणं, कष्टकऱ्याला पैसे द्यायला नकोत.” तो म्हणाला, “नाही.” मी म्हटलं, “मग तुमचं म्हणणं असं की यंत्र आलं, आता माणसाने घरी बसावं.” पुन्हा “नाही.” आवाज चढवला नाही त्याने. मला घाम फुटला. खरं सांगते, मी त्याचं म्हणणं सांगत नव्हते. आमच्या घरात त्याच्यासारख्यांबद्दल जे बोललं जायचं ते सांगत होते.

मग मी त्याला विचारलं, “तुम्हीच सांगा, तुमच्या वडिलांची पट्टी तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिली?” तो म्हणाला, सातवीत असताना. वडिलांबरोबर टेम्पोतून आला होता, परत जाताना स्वारगेटला एसटीची वाट बघत बसले होते. वडिलांना वाचायला चष्मा लागायचा आणि तो घरी राहिला होता, म्हणून पट्टी त्याने मोठ्याने वाचली. एकेक कापलेली रक्कम वाचताना वडील मान हलवत होते. शेवटचा आकडा वाचल्यावर ते म्हणाले, “परत वाच.” त्याने परत वाचली. आकडा तोच. वडिलांनी कागद घडी करून टोपीत ठेवला आणि दोघं चहा न घेता गाडीत बसले.

तशा पट्ट्या मी रोज लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मालक मला त्या लिहायला देतात. त्या सव्वीस वर्षांत पट्टी पुढे कुठे वाचली जाते याचा मी एकदाही विचार केला नव्हता.

तिसऱ्यांदा मी म्हटलं, “तुमचं म्हणणं असं की तोलणाऱ्याला मजुरी मिळायलाच हवी, पण ज्याच्या पैशातून ती जाते त्याला कुणी विचारत नाही. त्याला फक्त कागद मिळतो.” तो म्हणाला, “हो. हेच.” मग माझी पाळी आली. मला जे बोलायचं होतं ते मी बोलले: आण्णांची मान, लेव्ही, म्हणजे मजुरीच्या वर हमालाच्या फंडासाठी भरायची रक्कम, कशासाठी असते, माथाडी बोर्डामार्फत मजुरी मिळायला लागल्यावर आमच्या घरात पहिल्यांदा प्रॉव्हिडंट फंड हा शब्द कसा आला. त्याला माझं म्हणणं दोनदा सांगावं लागलं. तोलाईवर आमचं अजूनही एकमत नाही. काट्यावर माणूस उभा असतो म्हणूनच शेतकऱ्याचं वजन मारलं जात नाही, हे माझं मत मी सोडलेलं नाही.

बैठकीचा दुसरा भाग म्हणजे चिठ्ठी. काकांकडे पोस्टकार्डाएवढे पुठ्ठ्याचे तुकडे असतात. वर आपलं एक मत लिहायचं, खाली तीन उत्तरं: हे मत पहिल्यांदा कधी झालं? तेव्हा जवळ कोण होतं? याच्या विरुद्ध ऐकलेली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती? चिठ्ठी कुणाला दाखवायची सक्ती नाही.

तिसऱ्या महिन्यात मी लिहिलं: ‘रस्त्यावरच्या हातगाड्या हटवल्या पाहिजेत.’ आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या आठवड्यात हाच विषय होता, गेटसमोर भाजीच्या चार गाड्या लागतात म्हणून. मी दोन मेसेजना अंगठा दिला होता. मग खालचा पहिला प्रश्न आला, कधी झालं? मी आठवत बसले. काशेवाडीत असताना हे मत नव्हतं, कारण आमच्या गल्लीत निम्म्या घरांची गाडी किंवा पाटी होती. लग्नानंतर भाड्याच्या खोलीत होतो तेव्हाही नव्हतं, उलट कामावरून येताना गाडीवरून भाजी घ्यायचे आणि बरं वाटायचं. आठवत आठवत मी २०१७ पर्यंत आले. त्या वर्षी आम्ही फ्लॅट घेतला. माझं हे मत आमच्या फ्लॅटच्या वयाचं होतं. तेव्हा जवळ कोण होतं? बँकेचा हप्ता. मी तसंच लिहिलं.

तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी जागा कोरी ठेवली. काकांनी काही न बोलता कपाटातून २०१४ च्या पथविक्रेता कायद्याची मराठी प्रत काढून दिली. या वाचनालयाचं मला सगळ्यात जास्त पटलेलं काम हेच. वाद झाला की कागद मिळतो, आणि तो घरी नेता येतो. त्या कायद्यात लिहिलंय की आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायचं, प्रमाणपत्रं द्यायची, तोपर्यंत कुणाला उठवायचं नाही. शहरातल्या पथविक्री समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले हवेत. मी ग्रुपवर ‘बेकायदा गाड्या’ असा शब्द वापरला होता. आता तो वापरत नाही. गेट मोकळं पाहिजे हे माझं म्हणणं आहेच, आमच्याकडे दोन डायलिसिसचे पेशंट आहेत आणि रुग्णवाहिका आत वळली पाहिजे. पण ‘हटवा’ आणि ‘जागा आखून द्या’ यात फार फरक आहे. भाजीवाल्या मावशींशी त्याबद्दल मी प्रत्यक्ष बोलले. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

पुण्याला भाषणं ऐकायची सवय आहे. वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. आपण सतरंजीवर बसायचं, टाळ्या वाजवायच्या, वक्ता आपल्यासारखंच बोलला तर ‘काय बोलला!’ म्हणत घरी जायचं. मीही तेच केलंय, हमाल पंचायतीच्या सभांनाही. इथे टाळ्या नाहीत.

वाचनालयातलं एक कपाट मुद्दाम सांगायला हवं. त्यात टिळक, आगरकर आणि फुले एकाच खणात आहेत. आमच्या घरात टिळकांचं नाव फारशा प्रेमाने घेतलं जायचं नाही. शेजारी बसणाऱ्या एका आजोबांच्या घरात जोतीरावांचं घेतलं जायचं नाही, ते त्यांनीच सांगितलं. काकांनी एका बैठकीत १८८२ ची गोष्ट काढली. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांवर लिहिल्याबद्दल झालेल्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर दोघांना मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्याआधी त्यांचा जामीन भरला तो रामशेठ उरवणे यांनी, आणि तो जोतीरावांच्या सांगण्यावरून. हे मला माहीत नव्हतं. आजोबांनाही नव्हतं. आणि त्याच तुरुंगात एकत्र राहिलेले हे दोघे मित्र पुढे काही वर्षांत वेगळे झाले. केसरीचे पहिले संपादक असलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य यावरून दोघांचं पटलं नाही.

या गोष्टीने मी फार गोंधळले, आणि अजून गोंधळलेलीच आहे. फ्लॅटच्या चिठ्ठीनंतर मला वाटायला लागलं होतं की माणूस जिथे बसतो तिथून त्याचं मत येतं, संपलं. पण हे दोघे एकाच खोलीत बसले होते. कॉलेज एक, शाळा एक, पेपर एक. तरी मतं दोन. म्हणजे बसायच्या जागेपलीकडे आणखी काहीतरी असतं. ते काय, यावर त्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत बोलणं चाललं होतं आणि माझी कात्रजची बस गेली.

आता तक्रारी. एक, बायका फार कमी येतात. सहा महिन्यांत माझ्याशिवाय चारजणी पाहिल्या. शनिवारची संध्याकाळ ही वेळ ठरवताना घरी स्वयंपाक कोण करतं याचा विचार झालेला दिसत नाही. मी काकांना तसं सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, वेळ अजून बदललेली नाही. दोन, स्वच्छतागृह नाही, खाली गल्लीच्या टोकाला जावं लागतं. तीन, निवृत्त प्राध्यापक मंडळी “हो, हेच” म्हणायला फार वेळ लावतात, दर वेळी एक उपमुद्दा जोडतात. त्यात नव्या माणसाचा नंबरच येत नाही. शुल्क काही नाही, डब्यात इच्छा असेल ते टाकायचं. मोबाईल आल्या आल्या पेटीत ठेवावा लागतो. मला तो नियम चांगला वाटला, काहींना वाटणार नाही.

आणि जिना. तो खरोखर अवघड आहे. सतरा पायऱ्या, उंच आणि अरुंद, धरायला दोर.

हे मी माझ्या गुडघ्यांसाठी म्हणत नाही. चौथ्या बैठकीनंतर मी आण्णांना चिठ्ठीचे प्रश्न विचारले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मी समजून चालले होते की ते बाबा आढावांचं एखादं भाषण सांगतील. ते म्हणाले, “आमच्या टोळीचा मुकादम पंचायतीत गेला म्हणून मी गेलो. एकटा कुठं राहणार? पावती फाडली. विचार मागनं आला.” मग जरा थांबून म्हणाले, “मागनं आला, पण पक्का आला. पोत्याचं वजन कमी करा म्हणून आम्ही बसलो होतो, तेव्हा एक व्यापारी म्हणाला, तुम्हाला सवय आहे. घरी येऊन मी तुला कडेवर घेतलं आणि मला कळलं, ही सवय नाही.” हे त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. मी तेव्हा किती वर्षांची होते तेही त्यांना आठवत होतं, तीन.

आता त्यांना बैठकीला यायचंय. शिरूरच्या त्या मुलाशी बोलायचंय, तोलाईवर. जिना त्यांना चढवणार नाही. मी काकांना विचारलंय की एखादी बैठक खाली किल्लीवाल्याच्या दुकानासमोर भरवता येईल का. किल्लीवाले दादा शनिवारी सहाला दुकान बंद करायला तयार आहेत. मुलाने सांगितलंय की तो त्याच्या वडिलांना घेऊन येईल. खुर्च्या आठ लागतील, त्यातल्या तीन माझ्या घरून नेणार आहे.